दोन पाइपांमधलं अंतर

आमच्या बागेतल्या सायकल ट्रॅकचं उद्घाटन झालं तेव्हा ट्रॅकचा हिरवा रंग अजून वाळलेला नव्हता. पाहुणे जवळपास वेळेवर आले, तिथं घोटाळा झाला. आमच्याकडे पाहुणे दोन तास उशिरा येणार हे धरूनच ठेकेदार रंग देतो आणि मांडववाला खुर्च्या आणतो. त्या दिवशी ते फक्त पाऊण तास उशिरा आले. त्यांनी फीत कापली आणि नव्या कोऱ्या सायकलवर बसून फोटो काढून घेतला. सीटवरचं प्लास्टिक तसंच होतं. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसांनी सायकल धरली होती. पाहुण्यांनी पाय पेडलवर ठेवले, माणसांनी सायकल वीसेक पावलं ढकलत नेली आणि पर्यावरणाचं रक्षण झालं. परत जाताना सगळ्यांच्या पांढऱ्या बुटांचे तळ हिरवे झाले होते. गाड्यांपर्यंत उमटलेली ती हिरवी पावलं पुढे महिनाभर दिसत होती.

हे मी थोडं कुचेष्टेनं लिहितोय, पण अनुभवानंही. तहसील कचेरीत माझी उभी नोकरी गेली. निवृत्त झालो तेव्हा अव्वल कारकून होतो. फीत कुठं मिळते, नारळ कुणी आधीच तडकवून ठेवायचा, कापून झाल्यावर कात्री कुणाच्या खिशात जाते, हे सगळं मला पाठ आहे. त्यामुळं कोनशिलेवरची नावं वाचायची सवय मोडली. पण ट्रॅक चांगला होता, हे मान्य करायला हवं. रंग वाळल्यावर कळलं की खालचं काँक्रीट सपाट आहे, दोन्ही कडेला कडुनिंब आहेत आणि सकाळी तिथं गार वारा असतो.

बागेला दोन दारं आहेत. एक पुढचं, बसस्थानकाच्या रस्त्यावर. दुसरं मागचं, ओढ्यापलीकडच्या वस्तीकडे उघडणारं. ट्रॅक या दारापासून त्या दारापर्यंत जातो. बाग चुकवून वस्तीतून बसस्थानकाकडे यायचं तर हायवेवरून यावं लागतं आणि दसऱ्यानंतर हायवेवर ऊस सुरू होतो. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या बाहेर हात-हातभर आलेला ऊस आणि आत ड्रायव्हरपेक्षा मोठ्यानं ओरडणारं गाणं. त्या रस्त्यावर सायकल घालणं म्हणजे मृत्युपत्र करूनच निघायला हवं.

माझ्या गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सायकल सांगितली म्हणून मी बागेत जायला लागलो. माझी सायकल काळी, जुनी, मागं कॅरिअर असलेली. तिथं सकाळी आणखी दोघं भेटायचे. एक हायस्कुलातून निवृत्त झालेले पीटीचे सर आणि दुसरे बी-बियाण्याच्या दुकानाचे शेठ. शेठकडं गिअरची सायकल, हेल्मेट आणि अंगाला चिकटणारे रंगीत कपडे होते. ते रविवारी कपिलधारला सायकलवर जायचे आणि धबधब्यापेक्षा स्वतःचेच फोटो जास्त काढून आणायचे. सरांच्या कानात इअरफोन, त्यात कीर्तन. दोघं मला भाऊसाहेब म्हणत. सेवानिवृत्त कारकुनाच्या नशिबी एवढीच पदवी उरते.

त्याच सुमारास ट्रॅकवर चार्जिंगच्या गाड्या यायला लागल्या. स्कूटरच, पण बॅटरीवरच्या. लायसन नको, पासिंग नको. एका दूधवाल्याची, एका मास्तरणीची आणि एक तिची.

ती ओढ्यापलीकडच्या वस्तीत राहते. वय तिशीच्या आत-बाहेर. लहानपणापासून एका पायात जोर नाही, तो पाय पट्ट्यांनी बांधलेला असतो. तिच्या गाडीला मागं दोन्ही बाजूंनी दोन जादा चाकं लावलेली होती, म्हणजे थांबल्यावर पाय टेकवायला नको. बसस्थानकासमोरच्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती रक्त काढायचं काम करते. लॅब सातला उघडते, कारण उपाशीपोटी आलेली माणसं सातच्या पुढं चिडतात. माझी दर महिन्याची साखर तीच काढते. सुई टोचली कधी आणि काढली कधी ते कळत नाही. आमच्या गावात असा हात दुसरा नाही, हे माझंच नाही, माझ्या शिरेचंही मत आहे.

गाडी येण्याआधी तिचे वडील तिला मोटारसायकलवर आणून सोडायचे. पण आई-वडील दोघंही ऊसतोडीला जातात, दसऱ्यापासून पुढं पाच-सहा महिने फडावर. तेवढ्या महिन्यांत तिला कुणाच्या ना कुणाच्या मागं बसून यावं लागे. ज्याला जमेल तो आणणार, ज्याला नाही जमणार तो सांगणारही नाही. गाडी आल्यापासून मात्र ती वेळेवर. सहा चाळीसला मागच्या दारातून आत, सहा पन्नासला पुढच्या दारातून बाहेर. सर तिच्यावर घड्याळ लावायचे.

आणि सरच तिच्यामुळं पडले.

झालं असं. सर पुढं सायकलवर, कानात कीर्तन. मागून तिची गाडी. या गाड्यांना आवाज नसतो, पानावरून पान सरकावं तशा त्या येतात. ती बरीच मागं असतानाच तिनं दोनदा “बाजू, सर!” म्हटलं. सर कीर्तनात. मग तिनं हॉर्न दिला. गाडीचा आवाज जितका कमी, तितका त्या हॉर्नचा जास्त. जणू सगळा राखून ठेवलेला. सर दचकले, हँडल वळलं आणि ते मेंदीच्या कुंपणात गेले. मनगट मुरगळलं. तिनं गाडी थांबवली, उतरली, पाय ओढत आली, मनगट दाबून बघितलं आणि म्हणाली, “मोडलं न्हाई. सूज हाय. बर्फ लावा.” आणि स्वतःची ओढणी फाडून पट्टी बांधली. लॅबला त्या दिवशी ती वीस मिनिटं उशिरा पोचली.

सर सगळ्यांना सांगत होते, “मला धक्का लागलेला नाही, मी दचकून पडलो.” पण गावात पडलेल्या माणसाचं कुणी ऐकत नाही, उभ्यांचंच ऐकतात. उभे शेठ होते. त्यांनी कडुनिंबाखाली बैठक घेतली. सायकल ट्रॅक सायकलींचा. आज मनगट, उद्या मान. निवेदन द्यायला हवं. आणि निवेदन म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

इथं मला माझ्याबद्दल फार चांगलं लिहिता येणार नाही. माणसाला येत असलेली एकच गोष्ट कुणी मागितली, की तो ती कशासाठी मागतोय हे विचारायचं राहून जातं. मी त्या रात्री जेवणसुद्धा घाईत उरकलं. विषय, संदर्भ, महोदय. ‘मूक वाहनांमुळे आबालवृद्धांच्या जीवितास निर्माण झालेला धोका’ हे वाक्य लिहिल्यावर मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. बायको म्हणाली, “कोण मेलं?” शेवटी मी फक्त मागणी करून थांबलो नाही. कचेरीतला अनुभव असा की नुसती मागणी केली तर ती फायलीत जाते, उपाय सुचवला तर साहेबांचं डोकं वाचतं आणि काम होतं. म्हणून मी उपायही सुचवला: दोन्ही दारांत कमरेएवढे लोखंडी पाईप रोवावेत, दोन पाइपांमध्ये चोवीस इंच अंतर ठेवावं, म्हणजे सायकल जाईल, इतर वाहन जाणार नाही. चोवीस कुठून आलं? माझ्या सायकलचं हँडल बावीस भरलं. दोन इंच मी औदार्यानं सोडले.

सह्या झाल्या. नगरपालिकेच्या साहेबांना निवेदन देताना फोटो निघाला. आमच्याकडे फोटोशिवाय दिलेलं निवेदन पोचत नाही. फोटोत शेठ निवेदन देतायत, साहेब ते घेतायत आणि मी कोपऱ्यात, ज्यानं लिहिलं तो नेहमी असतो तिथं, अर्धा कापलेला.

माझ्या नोकरीत एवढ्या लवकर कुठल्या अर्जावर काम झालेलं मी पाहिलेलं नाही. दहा दिवसांत पाईप रोवले गेले. दोन्ही दारांना तीन-तीन, पिवळे-काळे पट्टे मारलेले. शेजारी बोर्ड: ‘फक्त सायकलींसाठी. हॉर्न वाजवू नये.’

पाईप बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम मागच्या दारापाशी थांबलो. आपलं वाक्य लोखंडात उतरलेलं बघायला कुणाला आवडत नाही? साडेसहाला दूधवाला आला. वेगसुद्धा कमी केला नाही. त्याच्या गाडीचं हँडल पाइपांच्या वरून गेलं आणि दोन चाकं पाइपांच्या मधून. मागून मास्तरणीची गाडी, तशीच. दोघंही माझ्याकडं बघून हसले. नियम झाला तर हसून पाळावा अशा चेहऱ्यानं.

सहा चाळीसला ती आली. मागची जादा चाकं पाइपांच्या बाहेर जात होती. तिनं गाडी थांबवली, मान काढून डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. एकदा थोडी पुढं घेऊन बघितली. चाक पाइपाला टेकलं, ठण्‌ आवाज झाला. माझ्याकडं तिनं बघितलं असावं, पण मी तेवढ्यात सायकलची साखळी तपासायला वाकलो होतो. मग तिनं गाडी मागं घेतली आणि वस्तीकडं वळवली.

मला इतिहास वाचायची आवड आहे. जुन्या किल्ल्यांच्या दारांबद्दल लिहिलेलं असतं, की हत्तीला धावत येऊन धडक देता येऊ नये म्हणून दारापुढं वळण ठेवत, फळ्यांना टोकदार खिळे ठोकत. प्रत्येक दार कुणाला तरी बाहेर ठेवण्यासाठी मोजून बांधलेलं असतं. मीही एक दार मोजून बांधलं होतं. त्यातून सगळे आत येत होते. बाहेर राहिली ती एक बाई, जी कामावर जात होती.

त्याच आठवड्यात साखर तपासायची होती. मी लॅबवर गेलो तेव्हा साडेसात वाजले होते आणि बाकावर सहा उपाशी माणसं बसली होती. ती पावणेआठला आली, चुलतभावाच्या मोटारसायकलच्या मागं, आडवी बसून, पाय धरून. सगळ्यांची बोलणी खात तिनं हातमोजे घातले. माझा नंबर आला.

“मूठ आवळा,” ती म्हणाली. दंडाला रबर बांधता बांधता म्हणाली, “भाऊसाहेब, अर्ज वाचला मी. व्हाट्सपवर आलता. भाषा लई चांगली हाय.”

मी मूठ आवळून बसलो.

“येक इचारू का? चोवीस इंच कुठून काढलं?”

“माझ्या सायकलचं हँडल मोजलं.”

“मग माझी गाडी बी मोजायची ना. रोज तुमच्या पुढूनच जाते.” सुई टोचली की नाही ते याही वेळी कळलं नाही. “मूठ सोडा.”

मी विचारलं, आता कसं करणार? तिनं कापसाचा बोळा दाबून धरायला लावला आणि अगदी साध्या आवाजात सांगितलं. चुलतभाऊ आठ दिवस आणून सोडणार. मग तोही फडावर चालला. लॅबच्या मालकांनी सांगितलंय, एक तारखेपर्यंत बघू, सात म्हणजे सात, नाही जमलं तर दुसरी बघावी लागेल. हायवेनं घरचे जाऊ देणार नाहीत. “तसं तर मी बी न्हाई जाणार. जीव काय वर आलाय का माझा? येक ट्रॉली नुसती घासून गेली तरी संपलं.” मग पुढच्या माणसाला म्हणाली, “या मामा, बाही वर करा.”

साखर वाढलेली निघाली. त्याचा दोष मी जेवणाला दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन मागच्या दारात बसलो. मोजून काय होणार होतं ते मला माहीत नव्हतं. कारकुनाला काही सुचेनासं झालं की तो मोजतो. तेवढ्यात ओढ्याकडून मेंढरं आली. एक म्हातारा मेंढपाळ दिवाळीनंतर दरवर्षी आष्टीकडून निघतो, आमच्या गावाबाहेर पाच-सहा दिवस थांबतो आणि मग धर्मापुरीच्या बाजूला चारणीला जातो. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, तोंडात शिव्या. शिव्या मेंढरांना, पण ऐकणाऱ्याला सगळ्या लागू.

मेंढरांनी पाईप बघितले. पुढची एक मधून गेली. मग मागची गेली. मग ओळच लागली, एकामागं एक, शाळा सुटल्यासारखी, तिन्ही पाइपांच्या मधून, थेट हिरवळीवर. आतून बागेचा माळी ओरडत आला.

“आरं ये, कावून सोडली आत? साहेब माझी चामडी सोलंल!”

“म्या कुठं सोडली बे?” म्हातारा शांतपणे म्हणाला. “दारच तसं केलंय तुमी. मेंढराचंच माप घेतलंय जणू.” मग माझ्याकडं वळून, “कुण्या शान्यानं केलंय हे?”

माळ्यानं माझ्याकडं बघितलं. मी टेप खिशात घातला.

मेंढरं हाकून बाहेर काढेपर्यंत माळ्यानं त्याला सगळं सांगून टाकलं. मास्तर कसा पडला, गाडीला आवाज कसा नाही, हॉर्न कसा कानफटात मारल्यासारखा वाजतो. म्हातारा पाइपावर टेकून ऐकत होता. मग त्यानं कळपातली एक पांढरी मेंढी काठीनं पुढं ओढली. तिच्या गळ्यात पत्र्याची घंटी होती, आत लाकडाचा लोलक.

“ही मुकी हाय. जल्मापासनं आवाज न्हाई हिला. चुकली तर कळायचं कसं? दुसऱ्या मेंढराच्या अंगावर गेली तर ते बिचकतं, पळतं, समदा कळप फाकतो. म्हून हिला बांधली. आता चालली की वाजती, थांबली की थांबती. कुणी बिचकत न्हाई. लांबूनच कळतं, ती आली.”

“पण गाडीला...” मी म्हणालो.

“गाडीला काय धाड भरली? खड्डा लागला की हालंल. हालली की वाजंल.” त्यानं मेंढीच्या गळ्यातली दोरी सोडायला सुरुवात केली. “ही न्या. हिला मी दुसरी बांधतो, पोळ्यातल्या हायेत माझ्याकडं. उन्हाळ्यात माघारी येतो तवा द्या परत. आन्‌ ते खुटं उपटा आधी.”

घंटी हातात घेतली तेव्हा तिला मेंढीचा वास येत होता. निवेदनाला असा वास कधी येत नाही.

शेठना सांगितल्यावर ते हेल्मेटमधूनच हसले. “भाऊसाहेब, आता काय बागेत मेंढरं वळायची का आपण? लोक काय म्हणतील? स्मार्ट सिटीत माणसं आयफोन घेऊन फिरतायत आणि आपण गाड्यांना घंट्या बांधतोय!”

“हॉर्नपेक्षा बरं नाही का?”

“ऐकू तरी येणार का? तुम्ही मला पटवून दाखवा.”

पटवायचं काम सरांनी अंगावर घेतलं. आयुष्यभर त्यांनी पोरांना शिट्टीवर पळवलं होतं; चाचणी म्हटल्यावर त्यांच्यात जीव आला. रविवारी सकाळी त्यांनी ट्रॅकच्या मध्यभागी खुर्ची ठेवली, पाठ वस्तीकडं, कानात इअरफोन नाही, मुरगळलेला हात गळ्यातल्या झोळीत. ऐकू आलं की चांगला हात वर करायचा. पहिल्यांदा दूधवाल्याला बिनघंटीचं सोडलं. तो अगदी सरांच्या कोपराशेजारी येऊन “राम राम सर!” म्हणाला तेव्हा सर खुर्चीसकट उडाले. शेठ हसले नाहीत, हे मी बघून ठेवलं.

मग ती. चुलतभावाला सोबत घेऊन ती गाडीवर मागच्या दारापाशी आली होती. मधला पाईप आड येत असल्यानं गाडी आत कशी घ्यायची हा प्रश्न होता. चुलतभाऊ, माळी आणि मी अशा तिघांनी ती मागून उचलून पाइपांवरून आत घेतली. मी दिलेली घंटी तिनं पुढच्या टोपलीला बांधली होती. ट्रॅकच्या त्या टोकावरूनच ती निघाली. टोण, टोण, टोण. बारीक, खालच्या स्वरात, कुणावर न ओरडता. ती चाळीस-पन्नास पावलांवर असतानाच सरांचा हात वर गेला आणि त्याच वेळी, न बघता, त्यांनी खुर्ची डावीकडं सरकवली. कुणी सांगितलं नव्हतं.

“हे बरं आहे,” सर म्हणाले. “कुणीतरी येतंय असं वाटतं. कुणीतरी आलं असं नाही वाटत.”

शेठनी हेल्मेट काढलं. “पण मग त्या दूधवाल्यालाही बांधायला लावा. एकीलाच कशाला?” माणूस वाईट नाही, फक्त आपल्याला सगळ्यात शेवटी पटलं असं दिसायला त्याला नको असतं.

राहिले पाईप. एक तारखेला चार दिवस उरले होते. मी साहेबांकडं दुसरा अर्ज घेऊन गेलो. जमिनीवरून भावाविरुद्ध भाऊ भांडलेले, बापाविरुद्ध मुलगा उभा राहिलेला मी नोकरीत पाहिला. स्वतःच्याच अर्जाविरुद्ध अर्ज करणारा माणूस पाहिला नव्हता. तो मला आरशात बघावा लागला.

साहेबांनी दोन्ही अर्ज शेजारी ठेवून वाचले. “भाऊसाहेब, हस्ताक्षर एकच आहे.”

“होय साहेब.”

“तुम्हीच मागितलं, आम्ही दिलं. आता म्हणता काढा. उपटायचं म्हटलं तर त्याचं अंदाजपत्रक, त्याची मंजुरी. सहा महिने जातील.”

कचेरीत असतो तर मीही हेच उत्तर साहेबांना लिहून दिलं असतं. मग मला माळ्यानं सकाळी सांगितलेलं आठवलं. “साहेब, मधला पाईप हलतो. दोन्ही दारांचा. हातानं हलतो. सिमेंट कमी पडलंय.”

साहेबांनी दोन्ही अर्ज बाजूला सारले. ते तरुण होते, पण शिकण्याची तयारी होती.

“म्हणजे धोकादायक आहे?”

“कुणाच्या पायावर पडू शकतो.”

“मग तसं लिहून द्या. धोकादायक म्हणून दुरुस्तीसाठी काढून ठेवता येईल. त्याला मंजुरी नको.”

तिसरा अर्ज मी तिथंच, त्यांच्या टेबलाच्या कडेला उभा राहून लिहिला. चार ओळींचा. आयुष्यातला सगळ्यात छोटा, आणि कुणाला वाचून दाखवावा असं त्यात एकही वाक्य नाही. ठेकेदाराच्या निकृष्ट कामाविरुद्ध मी जन्मभर अहवाल लिहिले. त्या दिवशी मनातल्या मनात त्याचे आभार मानले.

त्याच दुपारी माळ्यानं आणि सरांनी, सरांनी एकाच हातानं, दोन्ही मधले पाईप मुळासकट उचलले. खाली वाळूच होती. पाईप माळ्याच्या खोलीमागं ठेवलेत. नोंदवहीत ‘दुरुस्तीसाठी काढले, पुनर्स्थापनेची कार्यवाही चालू’ असा शेरा आहे. ज्यांनी शेरे लिहिले आहेत त्यांना माहीत आहे, की चालू असलेली कार्यवाही हीच सगळ्यात टिकाऊ गोष्ट असते.

शेठना या सगळ्याचा कार्यक्रम करायचा होता. घंटी उपक्रम, फ्लेक्स, मेंढपाळाला शाल-श्रीफळ. पण मेंढपाळ दोन दिवसांपूर्वीच धर्मापुरीकडं गेला होता आणि शाल घ्यायला मेंढरं सोडून येणारा तो नव्हता. त्याच्याशिवाय शाल शेठनाच घ्यावी लागली असती, म्हणून कार्यक्रम राहिला. बोर्डावर मात्र माळ्यानं स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली: ‘चार्जिंगच्या गाड्यांनी घंटी बांधून सायकलीच्या चालीनं जावे.’ तिचा मसुदा मला दाखवायला आणला होता. मी त्यात काही बदल केला नाही.

दूधवाल्यानं आठवडी बाजारातून बैलाचं घुंगरू आणलं. ते असं वाजतं की मिरवणूक येतेय असं वाटतं. मास्तरणीनं पितळेची बारीक घंटी बांधली. आता मागं न वळता कळतं, कोण येतंय. सरांनी इअरफोन घरी ठेवायला सुरुवात केली. कीर्तन संध्याकाळी देवळात जाऊन ऐकतात, फुकट असतं म्हणे.

एक तारखेला मी सहा वाजल्यापासून ट्रॅकवर होतो. गुडघ्यासाठी, असं बायकोला सांगितलं. सहा चाळीसला मागच्या दाराकडून टोण, टोण ऐकू आलं. मी सायकल डावीकडं घेतली. वळून बघायची गरज नव्हती, पण मी बघितलं. मधला पाईप नसलेल्या दारातून ती सरळ आली, दोन्ही बाजूंना चांगली वीत-वीत जागा राहिली होती. चुलतभाऊ आदल्या दिवशीच फडावर गेला होता.

ती शेजारून गेली तेव्हा वेग माझ्याएवढाच होता. थोडा वेळ आम्ही बरोबरीनं चाललो.

“म्हाताऱ्याची घंटी धुतली का?” मी विचारलं.

“दोनदा. तरी वास जात न्हाई.” ती हसली. “जाऊ द्या. उन्हाळ्यात परत करायची हाय, मेंढीला वळखू आली पाहिजे.” मग जरा पुढं गेल्यावर मान वळवून म्हणाली, “भाऊसाहेब, मागच्या बारीला साखर वाढली होती तुमची. उद्या उपाशी या. सातला.”